केस संपली, पण नाव उतरले का?

(धाराशिव जिल्हा बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर. बैठकीत कार्यकर्त्यांनी विचारलेल्या प्रश्नांची उत्तरे ओघातच घेतली आहेत.)



आज मी कापसाच्या भावावर बोलणार नाही. ज्वारीच्या पेऱ्यावरही बोलणार नाही. त्या विषयांवर माझ्यापेक्षा चांगले बोलणारी माणसे समोरच बसली आहेत. मी आज एका कागदावर बोलणार आहे. तो कागद तुमच्या घरात नाही, पोलीस ठाण्यात आहे. पण त्यावर नाव तुमचे आहे.

आधी एक काम करा. आंदोलनात ज्यांना कधी ना कधी पोलिसांच्या गाडीत बसावे लागले, त्यांनी हात वर करा. बघा, निम्मा मांडव हात वर करून बसला आहे. आता त्यातल्या ज्यांना कोर्टाने शिक्षा केली, त्यांनीच हात वर ठेवा. बाकीच्यांनी खाली घ्या.

एकही हात वर राहिला नाही.

म्हणजे आपण कोणीच गुन्हेगार नाही. कायद्यानेही नाही. तरी उद्या तुमच्यापैकी कोणी चारित्र्य पडताळणीचा दाखला मागायला गेला, तर त्यावर काय लिहून येईल, याची खात्री मला देता येत नाही. हा आजचा विषय.

बोजा फेडला, पण सातबारा कोरा झाला नाही

तुम्हाला समजेल अशा भाषेत सांगतो. सोसायटीचे कर्ज काढले की सातबाऱ्यावर इतर हक्कात बोजा चढतो. कर्ज फेडले, बँकेने निल दाखला दिला, म्हणून बोजा आपोआप उतरतो का? नाही. दाखला घेऊन तलाठ्याकडे जावे लागते, फेरफार व्हावा लागतो, तो मंजूर व्हावा लागतो. तोपर्यंत कर्ज फिटलेले असूनही कागद म्हणतो, हा माणूस देणेकरी आहे. दुसऱ्या बँकेच्या दारात गेलात की साहेब तुमचे तोंड बघत नाही, सातबारा बघतो.

अटकेचे अगदी तसेच आहे. फरक एवढाच, की बोजा उतरवायला फेरफाराची वहिवाट तरी आहे. पोलिसांच्या नोंदीतून नाव उतरवायला अशी सरळ वहिवाट नाही. चढवणारा हात आहे, उतरवणारा हात नाही.

एका घरची गोष्ट

काही वर्षांपूर्वीचा एक रास्ता रोको. नाव, गाव, ठाणे सांगत नाही, कारण त्या घराला आणखी त्रास नको. आमच्यातला एक जुना कार्यकर्ता, पाच एकर कोरडवाहू, निम्म्यात कापूस आणि निम्म्यात ज्वारी. त्या दिवशी त्याला ताप होता. त्याने मुलाला पाठवले. म्हणाला, आपल्या घरचे एक माणूस तरी रस्त्यावर दिसले पाहिजे. मुलगा बारावी झालेला. पोलिसांनी जमावातल्या पुढच्या रांगेतली माणसे उचलली, त्यात तोही गेला, मीही गेलो. संध्याकाळी सुटलो. आम्ही गावात हार घालून घेतले. त्याच्याही गळ्यात हार घातला. मीच घातला.

पुढे सहा वर्षे तारखा चालल्या. पंच म्हणाले आठवत नाही. साक्षीदार बदलून गेलेले. सगळे निर्दोष सुटलो. वकील म्हणाले, झाले, विषय संपला.

तो मुलगा पोलीस भरतीत उतरला. मैदानी पास, लेखी पास. मग साक्षांकन नमुना भरायला आला. त्यात प्रश्न असतो : तुम्हाला कधी अटक झाली होती का? तुमच्यावर कधी खटला चालला होता का? मुलाला वाटले, आपण निर्दोष सुटलो, म्हणजे काही नव्हतेच. त्याने ‘नाही’ लिहिले. पडताळणीत केस निघाली. निवड रद्द झाली. कारण काय दिले, तर गुन्हा केला म्हणून नव्हे, माहिती लपवली म्हणून.

मी त्याच्या घरी गेलो. बाप मला एक शब्द उणा बोलला नाही. चहा ठेवला. तो चहा माझ्या घशाखाली उतरला नाही. कारण गळ्यात हार मी घातला होता, पण त्या अटकेचा कागद पुढे काय करतो, हे त्याला मी कधी सांगितले नव्हते. मी शेतीची पदवी घेतलेला माणूस. बियाण्याला गंधक चोळले नाही तर ज्वारीवर काणी येते, हे सांगायला गावोगाव फिरलो. पण पोरांच्या आयुष्यावर येणाऱ्या काणीबद्दल गप्प राहिलो. ही माझी चूक आहे, आणि ती मी या व्यासपीठावरून कबूल करतो.

तेव्हाची केस आणि आताची केस

१९८० साली नाशिक जिल्ह्यात कांदा-उसाचे आंदोलन झाले, हजारो शेतकरी तुरुंगात गेले. १९८६ च्या डिसेंबरात कापसाच्या आंदोलनात सुरेगावला गोळीबार झाला, शेतकरी हुतात्मा झाले. एकाधिकार खरेदीच्या काळात स्वतःच्या शेतातला कापूस राज्याबाहेर नेणे हासुद्धा गुन्हा होता. त्या काळी तुरुंगातून आलेल्या माणसाची मिरवणूक निघे आणि विषय तिथे संपे. कारण नोंद ठाण्याच्या कपाटात राही. हवालदार बदलला की विसरली जाई. उंदीर तरी खात.

आता तसे राहिलेले नाही. केंद्राने २००९ साली सर्व पोलीस ठाणी संगणकाने जोडण्याची योजना मंजूर केली. तिला सीसीटीएनएस म्हणतात. आज एका ठाण्यात चढलेले नाव देशात कुठेही दिसते. संगणकाला विसर पडत नाही. आणि आपली पोरे? पाच एकर कोरडवाहूवर दोन भाऊ जगत नाहीत, हे आपणच भाषणात सांगतो. मग एक भाऊ पोलीस भरतीला जातो, एक पुण्यात कंपनीत किंवा सुरक्षारक्षक म्हणून जातो, एखादा परदेशी जायला पासपोर्ट काढतो. या प्रत्येक दारावर पडताळणी उभी आहे. बापाला जी केस मानाची होती, ती पोराला अडसर झाली आहे.

२०१७ च्या १ जूनला शेतकरी संप झाला, त्यात गुन्हे नोंदले गेले. २०१९ च्या जूनमध्ये अकोला जिल्ह्यात अकोली जहांगीर इथे तणनाशकरोधक कापसाची जाहीर लागवड करणाऱ्या शेतकऱ्यांवर गुन्हे नोंदले गेले. त्या आंदोलनाबद्दल तुमचे मत काहीही असो. प्रश्न एवढाच, की शिक्षा न झालेल्या माणसाने किती वर्षे संशयित म्हणून जगायचे?

कायदा काय म्हणतो

कायदा अगदीच आंधळा आहे असे नाही. इंग्रजांनी १९२० साली कैद्यांची ओळख पटवण्याचा कायदा केला. त्यातही लिहिले होते, की पूर्वी शिक्षा न झालेला माणूस खटल्याविना सुटला किंवा निर्दोष ठरला, तर त्याचे फोटो आणि मोजमापे नष्ट करावीत किंवा त्याच्या हवाली करावीत. त्या कायद्याच्या जागी २०२२ साली फौजदारी प्रक्रिया (ओळख) कायदा आला. त्याने बोटांचे ठसे, फोटो, डोळ्यांच्या बुबुळाची नोंद हे सगळे ७५ वर्षे ठेवण्याची मुभा दिली. निर्दोष सुटलेल्याचे रेकॉर्ड नष्ट करण्याची तरतूद त्यातही आहे. पण वरची सगळी अपिले संपल्यावर, आणि कोर्टाने वेगळा आदेश दिला नसेल तरच. नियमांप्रमाणे त्यासाठी नोडल अधिकाऱ्याकडे मागणी करायची असते. म्हणजे अर्ज तुम्ही करायचा. या मांडवातल्या किती जणांना हे माहीत होते? आणि हे झाले ठशांचे आणि फोटोंचे. गुन्हा नोंदवला, अटक केली, ही नोंद पुसण्याचा सरळ मार्ग या कायद्यातही नाही.

बालकांच्या बाबतीत कायदा शहाणा आहे. २०१५ च्या बाल न्याय कायद्याप्रमाणे अठराच्या आतल्या मुलाला, अत्यंत गंभीर गुन्ह्यांचा काही अपवाद सोडला, तर पुढे कोणतीही अपात्रता चिकटत नाही आणि त्याचे रेकॉर्ड ठरावीक मुदतीनंतर नष्ट करायचे असते. दोषी ठरलेल्या मुलाला जी दया, ती निर्दोष सुटलेल्या शेतकऱ्याला का नाही?

नोकरीच्या पडताळणीबद्दल सर्वोच्च न्यायालयाने २०१६ साली अवतार सिंग यांच्या खटल्यात नियम घालून दिले. त्यातले दोन पाठ करा. एक : फॉर्ममध्ये अटक किंवा खटला विचारला असेल, तर खरे लिहा. किरकोळ गुन्ह्याकडे नोकरी देणारा दुर्लक्ष करू शकतो, पण लपवणे महागात पडते. दोन : खरे लिहिले तरी नोकरी मिळेलच असे नाही. पूर्ववृत्त तपासण्याचा अधिकार नोकरी देणाऱ्याकडे राहतो. म्हणजे लपवले तर गेला, सांगितले तर साहेबाच्या मर्जीवर. म्हणून नुसते ‘खरे बोला’ सांगून भागत नाही. निर्दोष माणसाला हा प्रश्न विचारलाच जाऊ नये, ही आपली मागणी हवी.

पासपोर्टचे थोडे बरे आहे. नुसता गुन्हा नोंदला म्हणून पासपोर्ट अडत नाही. कोर्टाने दखल घेतलेला खटला चालू असेल तर अडतो, आणि तेव्हाही कोर्टाची परवानगी आणून मिळवता येतो.

‘सरकारने केसेस मागे घेतल्या’ म्हणजे काय?

दर दोन-चार वर्षांनी पेपरात बातमी येते : राजकीय व सामाजिक आंदोलनातील खटले मागे. २०२२ साली मंत्रिमंडळाने ३१ मार्च २०२२ पर्यंतच्या खटल्यांबद्दल असाच निर्णय घेतला. अट अशी, की जीवितहानी झालेली नसावी आणि मालमत्तेचे नुकसान पाच लाखांवर नसावे. आपण पेढे वाटतो. पण बातमी म्हणजे पाऊस नव्हे, नुसता ढग आहे.

खटला मंत्री मागे घेत नाही. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम ३२१, आता १ जुलै २०२४ पासून लागू असलेल्या नागरिक सुरक्षा संहितेचे कलम ३६०, याप्रमाणे सरकारी वकिलाने कोर्टात अर्ज द्यायचा असतो आणि कोर्टाने संमती द्यायची असते. नव्या कायद्यात तर पीडिताचे म्हणणे ऐकल्याशिवाय संमती देता येत नाही. सरकारी वकिलाने अर्जच दिला नाही, तर निर्णय मंत्रालयात आणि तारीख तुमच्या नशिबी. रेल रोकोची केस असेल तर रेल्वेचा कायदा केंद्राचा, तिथे केंद्राची परवानगी लागते. आमदार-खासदार आरोपी असतील, तर सर्वोच्च न्यायालयाच्या २०२१ च्या आदेशाप्रमाणे उच्च न्यायालयाची परवानगी लागते. म्हणून पुढारी पहिल्या नंबरचा आरोपी असलेली केस अडकते, आणि त्याच्या मागे पन्नास शेतकरी अडकतात.

आणखी एक बारीक गोष्ट. दोषारोप ठेवण्यापूर्वी खटला मागे घेतला तर आरोपी सोडला जातो. दोषारोपानंतर घेतला तर तो निर्दोष सुटला असे धरले जाते. तुमचे कोणते झाले, हे नकलेवर वाचून घ्या.

शंभर रुपयांचा दंड, जन्माचा डाग

आता सर्वात महत्त्वाचे सांगतो, नीट ऐका. तारखांना कंटाळलेल्या शेतकऱ्याला कोर्टाच्या आवारात कोणीतरी सल्ला देतो : कशाला हेलपाटे? गुन्हा कबूल करा, किरकोळ दंड भरा आणि मोकळे व्हा. एसटीचे भाडे, बुडालेली मजुरी यांचा हिशेब केला तर दंड स्वस्त पडतो, हे खरे आहे.

पण गुन्हा कबूल करणे म्हणजे शिक्षा होणे. दंड शंभराचा असो की हजाराचा, त्या दिवसापासून कागदावर तुम्ही दोषी. आज इथे खाली आलेले सगळे हात निर्दोष आहेत. एका सहीने त्यातला एक दोषी होतो. वकिलाला न विचारता कबुली देऊ नका. द्यायचीच वेळ आली, तर १९५८ च्या अपराधी परिवीक्षा कायद्याचा लाभ मागा. त्या कायद्याखाली समज देऊन किंवा चांगल्या वर्तणुकीच्या बंधपत्रावर सोडलेल्याला, त्याच कायद्याच्या कलम १२ प्रमाणे शिक्षेची अपात्रता लागत नाही.

फक्त आपल्यापुरते बोलू नका

आपल्या जिल्ह्यात पारधी बांधव आहेत. इंग्रजांनी १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा केला आणि अशा कायद्यांनी जातीच्या जाती जन्मतःच गुन्हेगार ठरवल्या. ३१ ऑगस्ट १९५२ ला तो कायदा रद्द झाला. संशय रद्द झाला नाही. गावात चोरी झाली की आधी कोणाच्या पालावर गाडी जाते, हे तुम्ही बघता. आपली अटक एका दिवसाच्या आंदोलनाची. त्यांच्यावरचा संशय पिढ्यांचा. २०२४ च्या मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने पोलिसांच्या हिस्टरी शीटबद्दल निकाल देताना नेमके हेच सांगितले, की दुबळ्या समाजातल्या निरपराध माणसांची नावे यात यांत्रिकपणे चढू नयेत आणि या नोंदींची वेळोवेळी तपासणी व्हावी. आपण मागणी करायची तर त्यांच्यासह करायची. नाहीतर ती मागणी नव्हे, सवलतीची भीक होईल.

समोरच्याचे म्हणणे

परवा एक पोलीस अधिकारी मला म्हणाले, साक्षीदार फुटले म्हणून सुटलेलेही असतात, त्यांचे काय? प्रश्न खोटा नाही. बाईवर अत्याचार करून साक्षीदार दमात घेऊन सुटलेला माणूस आपल्याला शाळेत शिपाई म्हणूनसुद्धा नको. म्हणून तपासाचे कागद जाळा, असे आपण म्हणत नाही. ते तपासासाठी राहू द्या. पण जमावबंदी मोडली, रस्ता अडवला, अशा गुन्ह्यांत ज्याला शिक्षा झाली नाही, त्याची नोंद नोकरीच्या आणि दाखल्याच्या पडताळणीत उघडू नका. अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया राज्याने २०१८ साली असा कायदा केला. शिक्षा न झालेल्या आरोपांच्या नोंदी तिथे संगणकच बंद करतो, माणसाला अर्ज करावा लागत नाही. चढवणारा संगणक उतरवूही शकतो. प्रश्न यंत्राचा नाही, इच्छेचा आहे.

आपल्या मागण्या

एक : निर्दोष सुटका, आरोपातून मुक्तता, खटला मागे किंवा समरी मंजूर, यापैकी काहीही झाले की कोर्टानेच निकाल पोलिसांकडे पाठवावा आणि ३० दिवसांत संगणकातली नोंद दुरुस्त व्हावी. अर्जाची गरज नको, फी नको.

दोन : शिक्षा न झालेल्या आंदोलनाच्या आणि किरकोळ केसेस चारित्र्य दाखल्यावर येऊ नयेत.

तीन : साक्षांकन नमुन्यातला अटकेचा प्रश्न बदलावा. शिक्षा झाली का आणि खटला चालू आहे का, एवढेच विचारावे.

चार : मंत्र्याच्या दौऱ्याआधी प्रतिबंधक म्हणून उचललेल्यांनी गुन्हा केलेलाच नसतो. त्यांची नोंद वर्षाच्या आत बंद व्हावी.

पाच : खटले मागे घेण्याच्या निर्णयावर तालुकावार यादी लावावी : किती अर्ज कोर्टात गेले, किती मंजूर झाले.

घरी गेल्यावर काय करायचे

मागण्या मान्य होतील तेव्हा होतील. तोवर हे करा. प्रत्येक गावाने वही घाला : गुन्हा नंबर, ठाणे, कलमे, केस नंबर, आज काय स्थिती. केस संपली असेल तर निकालाची सही-शिक्क्याची नक्कल काढा, दोन जास्तीच्या प्रती करा. एक प्रत ठाण्यात आणि एक पोलीस अधीक्षक कार्यालयात अर्जासह द्या, पोच घ्या. महिनाभराने माहिती अधिकारात दहा रुपये भरून विचारा, माझ्या नावापुढे आज काय नोंद आहे? गुन्हा नोंदला पण कोर्टात गेलाच नाही, अशी केस असेल तर पोलिसांनी अ, ब की क समरी पाठवली, ते शोधा. जमावबंदी, रस्ता अडवणे अशा एक वर्षापर्यंत शिक्षेच्या गुन्ह्यांत कारवाईला एका वर्षाची मुदत आहे. ती उलटली असेल तर वकिलाला दाखवा. सरकारी कामात अडथळा हे कलम जोडलेले असेल तर ही मुदत लांबते, तेही बघा. निव्वळ आदेशभंगाचे जुने कलम १८८ असेल, तर संबंधित अधिकाऱ्याच्या लेखी फिर्यादीशिवाय कोर्टाला दखल घेता येत नाही. खोटा गुन्हा रद्द करायला छत्रपती संभाजीनगरच्या खंडपीठात जाता येते. वकिलाची फी परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. भगिनींना आणि अनुसूचित जाती-जमातीच्या बांधवांना तिथे उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो.

आणि कार्यकर्त्यांनो, पुढच्या आंदोलनात भरतीची तयारी करणारे पोर पुढच्या रांगेत उभे करू नका. तिथे आम्ही, पिकलेल्या केसांची माणसे उभी राहू. ज्याला उभे राहायचेच आहे, त्याला आधी सगळे सांगा, मग त्याला ठरवू द्या.

त्या मुलाचे काय झाले, असे मघाशी एका ताईंनी विचारले. भरतीचे वय निघून गेले. तो आता बापाबरोबर कापूस वेचतो. आज तो इथे आलेला नाही. पण गावाची वही त्याच्याकडे आहे. त्याच्या गावातल्या चौदा नावांच्या नकला त्याने काढल्या आहेत. आपले गेले, मागच्याचे जाऊ नये, असे तो म्हणतो.

पुढच्या बैठकीला येताना भाकरीबरोबर ती वही आणा. बोजा फेडलेला आहे, भावांनो. आता तो उतरवून घ्यायचा आहे.